धुराचा कायदा आणि इंजिनाची विद्या

१ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या डिझेल जनित्रांना धुराचे कडक निर्बंध लागू झाले. ७५ ते ५६० किलोवॉटच्या जनित्रांना एक किलोवॉट-तास कामामागे पूर्वी ०.२ ग्रॅम काजळीची मुभा होती. ती आता ०.०२ ग्रॅम, म्हणजे एक दशांश झाली आहे. लोकारोग्याच्या दृष्टीने हे पाऊल उचित आहे, यात शंका नाही. परंतु कायदा करणे ही एक गोष्ट आणि तो पाळण्याची विद्या अंगी असणे ही दुसरी.

हा प्रश्न सातारा-सांगलीच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. सर धनजीशा कूपर यांनी १९२२ साली साताऱ्यात काढलेला कारखाना शेतीच्या अवजारांपासून डिझेल इंजिनांपर्यंत गेला. नांगर आणि इंजिन घडविणारी ही भूमी आता केवळ परक्याची यंत्रे जोडणारी होणार काय, हा खरा प्रश्न आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत नोझलमधून इंधनाचा फवारा उडतो आणि तो आपोआप पेटतो. फवारा दाट आणि हवा अपुरी असेल तेथे काजळी धरते. ज्वाला अतितप्त होते तेथे हवेतील नायट्रोजन व प्राणवायू यांचा संयोग होऊन फुप्फुसांना घातक अशी ऑक्साइडे बनतात. एकावर इलाज करावा तर दुसरे बळावते. यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला मार्ग म्हणजे कमी तापमानातील ज्वलन. इंधन लवकर फवारून त्यास हवेत मिसळण्यास अवधी द्यावयाचा, आणि धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडून ज्वालेचा ताप उतरवावयाचा. अशाने दोन्ही दोष उगमापाशीच घटतात. मात्र अर्धवट जळलेले इंधन व कार्बन मोनॉक्साइड वाढतात, आणि भार वाढला की पेट घेण्याची वेळ आवरत नाही. म्हणून आज बहुतांशी गाळण्या व युरियाचे द्रावण यांनी धूर मागाहून शुद्ध केला जातो. ही सामग्री विकत आणून बसविता येते. फवाऱ्याची विद्या मात्र स्वतःच कमवावी लागते.

ती कमविण्याची साधने येथे नाहीत असे नव्हे. सांगलीत १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दोन्ही जिल्ह्यांतील साखर कारखाने मद्यार्क निर्माण करतात. मद्यार्क हवेबरोबर आत घेऊन डिझेलच्या अल्प फवाऱ्याने तो पेटविल्यास काजळी व ऑक्साइडे दोन्ही कमी होतात, हे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. जेथे ऊस, इंजिन आणि महाविद्यालय एकत्र नांदतात, तेथे या संशोधनास याहून योग्य स्थान कोणते?

दुसरी गोष्ट अशी की, कायदा नव्या यंत्रांपुरता आहे. ट्रॅक्टरांचे १ जानेवारी २०२३ चे निर्बंधही ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाच लागू झाले; शेतकऱ्यांचे बहुसंख्य ट्रॅक्टर त्याखालचे आहेत. जुन्या इंजिनाचे नोझल झिजले की फवारा न उडता थेंब गळतात, काळा धूर निघतो आणि डिझेल वाया जाते. नोझलची वेळच्या वेळी तपासणी हा स्वस्त उपाय आहे. गरीब शेतकऱ्यावर दंडाचा बडगा उगारण्यापूर्वी त्याला तालुक्याच्या गावी ही सोय मिळाली पाहिजे.

सरकार, कारखानदार आणि महाविद्यालये यांनी मिळून दोन्ही जिल्ह्यांसाठी एक सामाईक इंजिन-चाचणी केंद्र उभारावे, अशी आमची स्पष्ट सूचना आहे. लहान कारखानदाराला असे केंद्र एकट्याने परवडत नाही. निर्बंध पुढे आणखी कडक होतील, सैल होणार नाहीत. तेव्हा मुदतवाढीचे अर्ज लिहीत बसण्यापेक्षा फवाऱ्याच्या अभ्यासास आजच लागणे, यातच उद्योगाचे आणि जनतेचेही हित आहे.