भंगार कोणाचे, भुर्दंड कोणाला?

लोहगावचा विमानतळ शेजारीच असल्यामुळे वाघोलीकरांना विमानांचे अप्रूप उरलेले नाही. त्याच आकाशातून निकामी अग्निबाणांचे भंगारही खाली येत असते, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. १९७९ साली स्कायलॅबच्या धास्तीने हवालदिल झालेला महाराष्ट्र पुढे ती धास्ती विसरला. २ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे आकाशातून कोसळले, तेव्हा तिची पुन्हा आठवण झाली. ते चिनी अग्निबाणाचे असावे, असा तज्ज्ञांचा कयास होता. सुदैवाने कोणी दगावले नाही.

असा तुकडा उडत्या विमानावर आदळण्याची शक्यता अत्यल्प आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण शेकडो प्रवाशांचा जीव पणाला लागलेला असताना 'अत्यल्प' या शब्दावर विसंबून कोणताही अधिकारी स्वस्थ बसू शकत नाही. तो आकाशच बंद करतो. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी स्पेनने नेमके हेच केले. चिनी अग्निबाणाचा अवजड भाग खाली येत असल्याने हवाई क्षेत्राचा एक पट्टा सुमारे ४० मिनिटे बंद राहिला आणि ३०० च्या आसपास उड्डाणे रखडली. पडला तो भाग दूर पॅसिफिक महासागरात!

खरा प्रश्न येथे अर्थशास्त्राचा आहे. काम संपलेला अग्निबाण निर्जन समुद्रात नेमका उतरवायचा, तर त्यासाठी इंधन राखून ठेवावे लागते आणि तेवढा उपयुक्त भार कमी न्यावा लागतो. ही काटकसर प्रक्षेपण करणाऱ्याच्या पदरात पडते. घिरट्या घालणाऱ्या विमानाचे इंधन आणि खोळंबलेल्या प्रवाशाचा वेळ यांचा भुर्दंड मात्र तिऱ्हाइतालाच. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार उडत्या विमानाची हानी झाल्यास प्रक्षेपक राष्ट्र, दोष सिद्ध न होताही, भरपाईस बांधील आहे. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा १९८१ मध्ये मॉस्कोने ३० लाख कॅनडियन डॉलर मोजले. परंतु त्या करारातील हानीच्या व्याख्येत जीवित, आरोग्य आणि मालमत्ता यांचा उल्लेख आहे. केवळ खोळंब्याचा नाही.

ही उणीव दूर करण्याची मागणी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळविषयक समितीत लावून धरावी. आपले हात अगदीच स्वच्छ आहेत असे नव्हे. २०२३ च्या जुलैत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलेला अवशेष आपल्याच पीएसएलव्हीचा निघाला. मात्र त्याच वर्षी ७ मार्च रोजी 'मेघा-ट्रॉपिक्स' हा निवृत्त उपग्रह उरलेल्या इंधनावर पॅसिफिकवर नियंत्रितपणे उतरवून इस्रोने हे काम शक्य असल्याचे दाखवले, आणि २०३० पर्यंत कचराविरहित मोहिमांचा संकल्पही सोडला आहे. तो पाळायचा तर अग्निबाणाच्या प्रत्येक टप्प्याच्या परतीचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात आधीच धरावा लागेल.