दप्तरातली ढाल

ऑगस्ट उजाडला की टेक्सासमधल्या मराठी घरांत शाळेच्या खरेदीची गडबड सुरू होते. वह्या, रंगपेटी, डबा, पाण्याची बाटली. आणि अलीकडे काही घरांच्या यादीत गोळी अडवणारं दप्तर. इथल्या मराठी मंडळातल्या एका तरुण आईने मला विचारलं, "मावशी, कोणतं घेऊ?" घ्यावं की नाही हा प्रश्न तिच्यापुरता सुटलेलाच होता. तिचा मुलगा यंदा पहिलीत जातोय. २४ मे २०२२ रोजी याच राज्यात, युवाल्डीच्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर इथल्या आईची झोप उडाली तर तिला घाबरट कोण म्हणेल? तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

बहुतेक लोक अख्खं दप्तर न घेता त्यात सरकवायचं पॅनेल घेतात. पाठीकडच्या कप्प्यात बसणारी काळी, जाड फायलीएवढी वस्तू. किंचित वाकते, वजन साधारण अर्धा किलो. आत केवलारसारख्या चिवट धाग्यांचे थर असतात आणि वरून सीलबंद आवरण, कारण ओल लागली की काही धाग्यांची ताकद घटते. आवरण उसवलं असेल तर ते पॅनेल बाद समजावं. लेबल नीट वाचावं: दर्जा, तयार केल्याची तारीख, अंगाकडची बाजू कोणती. हमी बहुधा पाचच वर्षांची असते, म्हणून मोठ्या भावाचं धाकट्याला देताना तारीख बघायलाच हवी.

खरी गफलत दर्जात होते. बाजारात सर्रास मिळतं ते 'लेव्हल थ्री-ए'. नावावरून ते 'थ्री'पेक्षा वरचढ वाटतं, पण आहे उलटं. थ्री-ए पिस्तुलाच्या गोळ्या अडवतं, रायफलच्या नाही. नाइन एमएम पिस्तुलाची गोळी सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटर वेगाने येते. एआर-१५ रायफलची नऊशेच्या पुढे. सँडी हूक, पार्कलंड आणि युवाल्डी, तिन्ही ठिकाणच्या शाळांतल्या हत्याकांडांत याच धर्तीची रायफल होती. ती अडवायची तर 'थ्री'ची कडक प्लेट लागते. तिचं वजन दीड-दोन किलोपासून पुढे. वीस किलोच्या मुलाने डबा-पुस्तकांसकट ते रोज वाहायचं?

जाहिरातीत 'एनआयजे प्रमाणित' असं लिहिलेलं दिसलं तर त्या विक्रेत्याकडून काहीच घेऊ नये. अमेरिकी न्यायखात्याची ही संस्था पोलिसांच्या अंगावरची चिलखतं प्रमाणित करते. दप्तर तिने कधीच प्रमाणित केलेलं नाही. पॅनेल एनआयजेच्या मानकानुसार तपासून घेतलंय असा दावा असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल मागावा.

आणि दप्तर असतं कुठे? पहिलीच्या वर्गात ते दिवसभर खुंटीवर. लॉकडाऊनच्या सरावात बाई दिवे मालवतात, दार लावून घेतात आणि मुलांना दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात चिडीचूप बसवतात. दप्तर आणायला कुणी उठत नाही. पाठीवर असलं तरी ते पाठच झाकतं. डोकं, हात, पाय उघडेच. हायस्कूलची गोष्ट थोडी वेगळी. मुलं दिवसभर दप्तर घेऊन या वर्गातून त्या वर्गात जातात, आणि शाळांमधल्या बहुतेक गोळीबारांत पिस्तूलच वापरलं जातं. तिथे थ्री-ए अगदीच फुकट म्हणणार नाही. पण आधी शाळेचा नियम पाहा. डॅलसच्या सरकारी शाळांनी २०२२ पासून सहावी ते बारावीला पारदर्शक किंवा जाळीचं दप्तर सक्तीचं केलं आहे.

पहिलीच्या मुलासाठी मी तिला स्पष्ट 'नको' म्हटलं. त्यापेक्षा शाळा सुरू होण्याआधी वर्ग दाखवायला बोलावतात तेव्हा दार बघ, म्हटलं. आतून कुलूप लागतं का? युवाल्डीत एका वर्गाचं कुलूप नादुरुस्त होतं आणि ते शाळेतल्या लोकांना माहीत होतं, असं टेक्सास विधिमंडळाच्या समितीने लिहून ठेवलं आहे. सँडी हूकनंतर नेमलेल्या आयोगानेही वर्गाची दारं आतून बंद करता यावीत, अशी शिफारस केली होती. मुख्याध्यापकांना ईमेल पाठवून विचारायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. चार पालकांनी मिळून विचारलं तर उत्तरही लवकर येतं.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांना जड जाते: मूल ज्या घरी जातं तिथे बंदूक आहे का, हे विचारणं. मिशिगनच्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये २०२१ साली पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं, ते वडिलांनी चारच दिवस आधी घेतलेल्या पिस्तुलाने. २०२४ मध्ये त्याचे आईवडील दोघंही सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले. शाळेत गोळ्या झाडणाऱ्या बहुतेक अल्पवयीन मुलांना बंदूक आपल्या किंवा नातेवाइकांच्याच घरात मिळालेली असते. त्यातून मुलं एकमेकांकडे खेळायला, राहायला जातात. आपण यजमानांना शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल सांगतो, अंडं चालत नाही तेही सांगतो, पण बंदुकीचा प्रश्न ओठांवर येऊन अडतो. विचारलं तर काय वाटेल, या भिडेपोटी. इथले बालरोगतज्ज्ञ स्वतःच हा प्रश्न विचारा असं सांगतात. फोनवर जमत नसेल तर मेसेज करावा: घरात बंदूक आहे का, असल्यास रिकामी करून कुलपात आणि गोळ्या वेगळ्या ठेवता ना? उत्तर टाळाटाळीचं आलं, तर त्यांच्या मुलाला आपल्याकडे खेळायला बोलवावं.