हजार रुपयांचा प्रश्न आणि निवृत्तांची एकजूट

गिरणीत, साखर कारखान्यात, एस. टी.च्या आगारात ज्यांनी हाडांची काडे केली, त्यांच्या म्हातारपणाची किंमत काय ठरली, हे प्रत्येक श्रमिक कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

१६ नोव्हेंबर १९९५ रोजी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना अमलात आली. मालकाच्या वर्गणीतून वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम या निधीत जाते. ही रक्कम श्रमाच्या मोबदल्याचाच भाग होय. तिला धर्मादाय कोण म्हणेल? सरासरी ५,००० रुपये वेतनावर योजनेखाली १४ वर्षे सेवा भरली, तर हिशेबाने दरमहा १,००० रुपये पदरी पडतात. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतनही तेवढेच ठरविले गेले. विधवेस तितकेच; अनाथ मुलास ७५०. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ सालीच किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. तरीही २०२४ साल सरले आणि हजाराचा आकडा जागचा हलला नाही.

२०१८ च्या डिसेंबरात बुलढाण्यास निवृत्तांनी साखळी उपोषण आरंभिले, दिल्लीसही धडका मारल्या. मग अडले कोठे? सरकारची उदासीनता उघड आहे. परंतु घरातली दुहीही आम्ही झाकून ठेवणार नाही. मोठ्या पगाराच्या माणसांना प्रत्यक्ष वेतनावरील वाढीव निवृत्तिवेतन हवे आहे. लहान पगाराच्या माणसाला किमान रक्कम वाढवून हवी आहे. ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिल्यांपैकी काहींना वाट मिळाली. १ सप्टेंबर २०१४ पूर्वी विकल्प न देता निवृत्त झालेले मात्र दाराबाहेर राहिले. एका तारखेने म्हाताऱ्यांत म्हातारे वेगळे पाडले!

याच न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात नेमकी अशी तारीख रद्द केली होती. ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्या सरकारी नोकरांना वाढीव लाभ नाकारणे समतेच्या चौदाव्या कलमाविरुद्ध आहे, निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, असे तिने बजावले. त्या खटल्यात निवृत्तांसोबत एक लोकसंस्थाही अर्जदार होती, हे विसरता कामा नये.

आता सर्व संघटनांनी एकच संयुक्त मागणीपत्र करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यातील पहिले कलम हजार रुपयेवाल्याचे व त्याच्या विधवेचे असावे. वाढीव वेतनाचे कलम त्यानंतर. ज्यांना निकालाचा लाभ झाला, त्यांनी वर्गणी आणि वकील घेऊन मागे थांबावे, घरी जाऊ नये. आमच्या वस्त्यांतील निवृत्तांनीही आपापली कागदपत्रे घेऊन जवळच्या संघटनेत नाव नोंदवावे.