घटस्फोटानंतर मुलाच्या भेटीची व्यवस्था बदलता येते का?

घटस्फोटाच्या वेळी मूल तीन वर्षांचं. ताबा आईकडे आणि वडिलांना महिन्यातून दोन शनिवारी दोन-दोन तास भेट, असं ठरलं. आज तेच मूल दहा वर्षांचं आहे आणि आईची बदली पुण्याहून नागपूरला झाली आहे. मग जुना आदेश कायम राहतो का?

आदेश आपोआप बदलत नाही, पण न्यायालयाकडून बदलून घेता येतो.

कायदा काय सांगतो?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ नुसार घटस्फोटानंतरही मुलाचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण याबाबतचे आदेश न्यायालय बदलू किंवा रद्द करू शकतं. असे आदेश स्वभावतःच तात्पुरते असतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच स्पष्ट केलं. २०१० च्या एका प्रकरणात घटस्फोट संमतीने झाला होता. तरीही मुलाला ऑस्ट्रेलियाला नेण्याची परवानगी आईला मिळाली आणि वडिलांच्या भेटीची व्यवस्था नव्याने ठरली.

बदल कधी मिळतो?

परिस्थिती खरोखर बदलली आहे आणि नवी व्यवस्था मुलाच्या हिताची आहे, हे दाखवावं लागतं. मुलाचं वय, शाळा, पालकाचं स्थलांतर, आजारपण, हिंसा ही कारणं विचारात घेतली जातात. पूर्वीच्या जोडीदारावरचा राग हे कारण ठरत नाही. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी स्वतः बोलू शकतात.

दोघांचं एकमत असेल तर नव्या अटी लिहून न्यायालयाची मंजुरी घ्यावी. केवळ तोंडी ठरवलेलं पुढे वाद झाल्यास टिकवणं कठीण जातं. एकमत नसेल तर कौटुंबिक न्यायालयात अर्ज करावा लागतो. निकालाला वेळ लागणार असेल तर अंतरिम आदेश मागता येतो. पाच वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा असतो.

तोपर्यंत काय?

जुना आदेश दोघांनाही बंधनकारक असतो. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगीही थांबवता येत नाही. दोन्हींसाठी न्यायालयात वेगळी दाद मागावी लागते.

अंतर जास्त असेल तर व्हिडिओ कॉलचाही पर्याय आहे. आई-वडील दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशा संपर्कावर भर दिला. त्यामुळे अर्ज कुणीही केला तरी प्रश्न एकच विचारला जातो: यात मुलाचं भलं आहे का?