जुन्या फिरत्या घराची खरेदी

घर विकत घेतांना आपल्याकडील जुनीं माणसें भिंतींची ओल पाहत, विहिरीचें पाणी चाखत आणि शेजाऱ्यांस मूळ मालकाविषयीं विचारीत. बैल घेतांना त्याचे दांत मोजीत. विकणारा गोड बोलतो कीं तुसडेपणानें, यास त्या परीक्षेंत फारसें स्थान नसे. हा रिवाज आज आठवण्याचें कारण असें कीं, घर आणि गाडी हीं दोन्ही ज्यांत एकत्र झालीं आहेत अशा एका वस्तूविषयीं एका वाचक भगिनींनीं आमचा सल्ला विचारला आहे.

त्यांचे चिरंजीव सहकुटुंब इंग्लंडांत असतात. तिकडे 'मोटारहोम' म्हणून एक वाहन मिळतें. त्यांत निजण्याच्या जागा, शेगडी, पाण्याची टांकी व शौचकूप अशी सर्व सोय असते. या बाईंच्या वयोवृद्ध सासूबाई उन्हाळ्यांत नातवाकडे जातात. त्यांना बाहेरचें अन्न चालत नाहीं. स्वयंपाकघरासह त्यांना चार गांवें दाखवावीं, या हेतूनें मुलगा व सून आठ वर्षांच्या शिलकेंतून पंचवीस हजार पौंडांचें एक जुनें मोटारहोम घेऊं पाहत आहेत. विक्रेता मोठा आर्जवी आहे. मात्र कागदांची गोष्ट निघाली कीं विषय बदलतो, आणि 'दुसरें गिऱ्हाईक उद्यांच येणार' असें बजावतो. मुलाला संशय येतो, पण तोंडावर अविश्वास दाखविणें त्याला असभ्यपणाचें वाटतें. आमच्या मतें ही भीड हाच यांतील मोठा धोका आहे.

न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं चार साधनें मानिलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांपैकीं शब्द हा प्रमाण ठरतो तो आप्ताचा. म्हणजे जो वस्तु यथार्थ जाणतो व जाणतो तशीच सांगतो, त्याचा. विक्रेता या अर्थानें आप्त आहे कीं नाहीं, हें अद्यापि ठरावयाचें आहे. तेव्हां त्याचा शब्द शेवटीं ठेवावा आणि पहिल्या तीन साधनांनीं आरंभ करावा. यांत त्याचा कसलाहि अपमान होत नाहीं.

प्रथम प्रत्यक्ष. या वाहनाचा मोठा शत्रु ओल होय. पुष्कळ गाड्यांच्या भिंती लांकडी सांगाड्यावर पातळ पत्रा बसवून केलेल्या असतात. छपराच्या कडा, खिडक्या व झरोके यांच्या सांध्यांतील लुकण सुटलें कीं पाणी आंत मुरतें, आणि बाहेरून गाडी लखलखीत दिसत असतांना आंतील लांकूड कुजत राहतें. म्हणून शक्यतों पाऊस पडून गेल्यावर, दिवसाउजेडीं जावें. कपाटें उघडून कोपरे अंगठ्यानें दाबून पाहावे, जमीन पायाखालीं दबते काय हें पाहावें, आणि वास घ्यावा. अत्तराचा घमघमाट असेल तर तो कशासाठीं, हेंहि मनांत विचारावें. ओल मोजण्याचें लहानसें यंत्र मिळतें. त्यावर शेंकडा वीसच्या वर आंकडा दिसल्यास जाणत्याकडून तपासणी केल्यावांचून पुढें जाऊं नये. इंजिन आपण जाण्यापूर्वीं तापवून ठेवलेलें नाहीं, हें हात लावून पाहावें. कारण थंड इंजिनच आपले दोष प्रकट करितें.

मग अनुमान. पर्वतावरील धुरावरून जसा अग्नि ओळखावयाचा, तसें येथें करावें. हीं वाहनें वर्षांतून बराच काळ उभीं असतात. त्यामुळें टायरची नक्षी कोरी दिसते, पण रबर म्हातारें झालेलें असतें. टायरच्या कडेवर चार आंकडे छापलेले असतात. तेथें '२३१८' असेल, तर तें टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालें. तिकडे गाडी तीन वर्षांची झाली म्हणजे दरसाल 'एम. ओ. टी.' नांवाची सरकारी परीक्षा होते, आणि प्रत्येक वेळचे मैल सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहावयास मिळतात. एका वर्षीं चाळीस हजार आणि पुढील वर्षीं तीस हजार, असें दिसल्यास अनुमान काय करावें तें सांगणें नकोच. मात्र या परीक्षेंत राहण्याच्या भागाची, म्हणजे ओलीची अथवा शेगडीची, तपासणी नसते. तिचे दाखले निराळे मागावे.

उपमान म्हणजे तुलना. त्याच वर्षाचें, त्याच बनावटीचें वाहन आणखी दोन-तीन ठिकाणीं पाहावें. किंमत फार कमी असेल तर हर्षापेक्षां विचार अधिक करावा. येथेंच थोडें गणितहि करावें. १ जानेवारी १९९७ पासून पुढें मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांस सामान्य परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचें डिझेलचें वाहन चालवितां येतें. गाडीची भारमर्यादा तेवढीच व रिकामें वजन ३,१५० असेल, तर उरले ३५०. शंभर लिटर पाणी भरलें कीं शंभर किलो गेले; राहिलेल्या अडीचशांत सर्व माणसें आणि सामान बसलें पाहिजे!

शेवटीं शब्द, पण तो कागदावरचा. 'व्ही-५-सी' हा नोंदणीचा कागद मालकीचा पुरावा नव्हे, असें सरकारच सांगतें. गाडीवर कोणाचें कर्ज शिल्लक आहे काय, हें थोडें शुल्क भरून तपासतां येतें. तें अवश्य तपासावें. तोंडी दिलेलें प्रत्येक वचन पावतीवर लिहून घ्यावें. २०१५ च्या तेथील ग्राहक हक्क कायद्यानें व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तु सदोष निघाल्यास पहिल्या ३० दिवसांत ती परत करितां येते. सहा महिन्यांच्या आंत दोष दिसला तर तो मुळांतच नव्हता हें व्यापाऱ्यानें सिद्ध करावयाचें असतें. 'आहे तशी विकली' असें लिहून त्याला यांतून सुटतां येत नाहीं. खाजगी विक्रेत्यास हे नियम असे लागू नाहींत. म्हणून पावतीवर पेढीचेंच नांव आहे ना, हें पाहावें. शिवाय शंभर पौंडांहून अधिक व तीस हजारांपर्यंत किंमतीच्या वस्तूचा कांहीं भाग जरी क्रेडिट कार्डावर दिला, तरी १९७४ च्या कायद्यानें कार्ड देणारी पेढीहि व्यापाऱ्याबरोबर जबाबदार राहते. विसार तेवढा तसाच द्यावा.

इतकें करून आपल्या खर्चानें एका त्रयस्थ जाणकारास गाडी दाखवावयाची आहे, असें विक्रेत्यास नम्रपणें सांगावें. तो प्रामाणिक असेल तर आनंदानें किल्ली पुढें करील. आणि मग आपला संशय आपणच मोकळ्या मनानें सोडावा. तो आढेवेढे घेऊं लागला, तर नमस्कार करून निघावें. उद्यां येणारें गिऱ्हाईक खुशाल येऊं द्यावें. मोटारहोमें आणखी मिळतील. पण गमावलेली आठ वर्षांची शिल्लक पुन्हां जमविण्यास आठ वर्षेंच लागतात, आणि आजींच्या हातीं तेवढे उन्हाळे आहेत असें कोणीं सांगावें?