धुरीचं मटण, छर्रा आणि सुनेचं हिमोग्लोबिन

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या घरी एक डब्बा आला. स्टीलचा, वरून मलमलचं फडकं बांधलेलं. आणणारा दूरच्या नात्यातला, त्याचं नाव इथे लिहीत नाही. झाकण उघडायच्या आधीच आत्या आतल्या खोलीतून म्हणाल्या, "धुरीचं आहे गं." आत्यांना 84 वर्षं झाली. दिसतं कमी, ऐकू येतं त्याहून कमी, पण नाक अजून शाबूत आहे.

डब्बा यायचं कारण आमची सूनबाई. सातवा महिना लागलेला आणि हिमोग्लोबिन 8.9. डॉक्टरीणबाईंनी आकडा वाचून चष्म्यावरून पाहिलं, आणि घरात एकदम धावपळ सुरू झाली. कोणी खजूर आणले, कोणी बीट किसलं, कोणी माळ्यावरची लोखंडी कढई काढली. आत्यांनी मात्र एकच धोशा लावला. "हे बीटफीट सोडा. आमच्यात गर्भारशीला सुकवलेलं हरीण देत असत. महिन्याभरात गाल लाल. जुनी माणसं काय वेडी होती का?" त्यांनी कुणाला फोन करायला लावला ते मला आठवड्यानंतर कळलं, डब्बा दारात आल्यावर.

मी तो ठेवून घेतला नाही. तसाच परत केला. त्यानंतर आत्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जेवणाचं ताटसुद्धा नातवाकडून मागवलं. हे लिहिते आहे ते त्या दोन दिवसांमुळे. कारण आत्या एकट्या नाहीत. आपल्या ग्वाल्हेर, इंदूर, देवास, बडोद्याकडच्या कितीतरी घरांत ही समजूत अजून मुरलेली आहे की शिकारीच्या मटणात जी ताकद आहे ती बाजारच्या मटणात नाही. आणि तरुण मुलं आता त्याला 'आपला वारसा' म्हणायला लागली आहेत.

आधी हे कबूल करते की मला ती चव आठवते, आणि छान आठवते. माझा जन्म 1956 चा, लष्करातला. आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात कारकून होते. संस्थान गेलं तरी ओळखी गेल्या नव्हत्या. थंडीत शिवपुरीकडून कोणीतरी यायचं आणि आमच्या अंगणात एक बोचकं उतरायचं. आमच्याकडे मटण आलं असं म्हणत नसत, "शिकार आली" म्हणत. सांबर असो, चितळ असो की चिंकारा, सगळ्याला हरीणच. (शास्त्राप्रमाणे चिंकारा आणि काळवीट हरीण नव्हेत, कुरंग. आजोबांना हे ठाऊक होतं, आजीला त्याचं काही देणंघेणं नव्हतं.)

बोचक्यात ताजं काही नसायचं. शिवपुरीच्या मुक्कामावरच मांसाच्या लांब पट्ट्या काढलेल्या असायच्या, धाग्याच्या दिशेने, अंगठ्याएवढ्या जाड. चरबी आणि पांढरा पडदा खरवडून काढायचा, कारण खवट होते ती चरबी. मग मीठ, हळद, लाल तिखट चोळून दोरीवर टांगायच्या आणि खाली करधईच्या लाकडाचा मंद धूर. शिवपुरी-कूनोकडच्या जंगलात हे झाड पुष्कळ. जाळ करायचा नाही, नुसता धूर. दोन रात्री धूर, दिवसा ऊन. शेवटी पट्टी वाकवली की तुटायची नाही पण तडकायची, तेव्हा झालं. आजी त्या पट्ट्या मडक्यात भरायची आणि तोंडाला कापड बांधून अंधाऱ्या कोठीत ठेवायची. होळीपर्यंत पुरायच्या.

शिजवायचं म्हणजे दिवसभराचं काम. रात्री कोमट पाण्यात भिजत घालायचं, सकाळी ते खारट पाणी फेकून पुन्हा धुवायचं. मग पाट्यावर वरवंट्याने ठेचायचं, धागा सुटा होईपर्यंत. कचरीची पूड आणि दही लावून दुपारपर्यंत ठेवायचं. ही कचरी म्हणजे रानकाकडीसारखं छोटं फळ, इकडे आणि राजस्थानात कडक मांस मऊ करायला वापरतात. पुण्याच्या माझ्या मावशीला ती कधी समजली नाही. ती कच्च्या पपईवर अडून बसायची. मसाला मात्र आपला मराठ्यांचाच, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, कांदा. तूप सढळ हाताने, कारण हरणाच्या मांसाला स्वतःची चरबी जवळपास नसते, नुसतं शिजवलं तर चामडं होतं. सोबत बेझडची रोटी.

आणि छर्रा. हा किस्सा ज्यांच्या घरी शिकार यायची त्या सगळ्यांना माहीत असेल. जेवताना दाताखाली कटकन काही लागायचं. शिशाचा बारीक छर्रा. ज्याच्या ताटात छर्रा निघाला तो नशीबवान, त्याला आजोबा एक आणा देत. मी आणि भाऊ छर्रा मिळावा म्हणून भरभर चावत असू. एकदा भावाने गिळला आणि आण्यासाठी रडला.

आता मी त्या आठवणीकडे पाहते तेव्हा पोटात गोळा येतो. शिसं हे विष आहे, आणि अमुक इतक्यापर्यंत चालेल अशी त्याची कुठलीही मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. छर्रा दिसतो, काढून टाकता येतो. पण गोळी किंवा छर्रा हाडावर आपटला की त्याचा चुरा होतो आणि तो जखमेपासून बराच लांबपर्यंत मांसात पसरतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि धुऊन जात नाही. दही-कचरीच्या आंबटात तर तो अधिक विरघळतो. आईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळाकडे जातं. आणि सगळ्यात वाईट भाग ऐका. शिसं शरीरात हिमोग्लोबिन बनण्याच्या कामातच खोडा घालतं, आणि ज्याच्या अंगात लोह कमी आहे त्याचं आतडं शिसं जास्त शोषून घेतं. म्हणजे ज्या मुलीचं रक्त कमी आहे तिलाच, रक्त वाढावं म्हणून, हा घास द्यायचा! आत्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण ही माया चुकीच्या डब्ब्यात भरून आली होती.

बरं, ताकदीचं काय? तेही पाहू. अमेरिकेच्या शेतीखात्याची पोषणसारणी आहे, तिकडे हरीण सर्रास खातात म्हणून त्यात त्याचे आकडे मिळतात. 100 ग्रॅम भाजलेल्या हरणाच्या मांसात साधारण 158 कॅलरी, 30 ग्रॅम प्रथिनं, 3.2 ग्रॅम चरबी आणि 4.5 मिलिग्रॅम लोह. उत्तम मांस आहे, यात वाद नाही. आता त्याच सारणीतला बोकड पाहा. 143 कॅलरी, 27 ग्रॅम प्रथिनं, 3 ग्रॅम चरबी, 3.7 मिलिग्रॅम लोह. कोलेस्टेरॉल हरणात 112 मिलिग्रॅम आणि बोकडात 75. म्हणजे ज्याच्यासाठी जंगलात माणूस पाठवायचा, तो जवळपास सगळा माल आपल्या नेहमीच्या खाटकाकडे टांगलेला आहे. आपण मात्र "बाजारचं मटण" म्हणून नाक मुरडणार!

मग आजीच्या सुक्या पट्टीत इतकी ताकद का वाटायची? कारण साधं आहे. ताज्या मांसात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं. ते उडालं की मूठभर पट्टीत तिप्पट मांसाचा ऐवज उरतो. बोकडही असाच वाळवला तर हेच होणार. त्यात धुराची करामत नाही आणि हरणाचीही नाही. आणि खरं सांगायचं तर त्या काळी घरात रोज मांस शिजत नव्हतं. वरणभातावर असलेल्या बाईला आठ दिवस मांस मिळालं तर तिचा चेहरा उजळणारच, मग ते कशाचं का असेना.

उलट धुराचा आणि मिठाचा हिशोब कुणी सांगत नाही. खारवलेलं, धुरावलेलं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. वर्षातून एकदा खाल्लंत म्हणून काही होत नाही, पण गर्भारपणात औषध म्हणून रोज? आणि आमच्या घराण्यात निम्म्यांना रक्तदाब. सुनेला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या लोहाच्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आहे. मांसातलं लोह अंगी जास्त लागतं हे बरोबर, पण तरी गोळीच्या जागी पट्टी बसत नाही. गोळी घ्यायची, जेवणावर लिंबू पिळायचं, आणि जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही. आमच्या घरात ही तिसरी गोष्ट सर्वात कठीण गेली.

कायद्याचं थोडक्यात. 1972 पासून हे बंद आहे. काळवीट, चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत, शिक्षा 3 ते 7 वर्षं, आणि नुसतं मांस घरात सापडलं तरी गुन्हाच. "पिकात शिरलं होतं" हे डब्बा आणणाऱ्याने मलाही ऐकवलं. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याच्यासाठी रीतसर अर्ज करायची वाट आहे, पण तिच्यातून मलमल बांधलेला डब्बा निघत नाही.

वारसा म्हणणाऱ्या मुलांना मात्र एक विचारायचं आहे. वारसा कोणाचा? आजोबा सांगत, हाका उठवायला सहरिया लोक असत. वाट तेच दाखवत, जनावर तेच उचलून आणत, पट्ट्या कापून करधईचा धूर धरायचं कसब त्यांच्याच हातात. आमच्या वाट्याला मांड्या आणि पाठ, त्यांच्या वाट्याला मुंडी आणि आतडी. आज त्याच शिवपुरी-श्योपूरच्या सहरिया वस्त्यांतल्या कुपोषित मुलांच्या बातम्या आपण सकाळी चहाबरोबर वाचतो. त्यांचं जंगल बंद झालं, आणि ते वाचवण्यासाठी बंद झालं हे मला पटतं. कूनोत 2022 साली चित्ते आणले, त्यांनाही चितळच लागतो. पण बंदी सगळ्यात आधी त्यांना लागली, आणि आपल्यातल्या काहींच्या फार्महाऊसवर अजून लागलेली नाही. हा वारसा असेल तर तो सांगताना मुंडी-आतडीसकट सांगावा.

मी आत्यांशी समेट केला तो असा. तिसऱ्या दिवशी बोकडाच्या मांडीचं बिनहाडाचं मटण आणलं, लांब पट्ट्या करून. मीठ आजीच्या निम्म्याने. वाळवायच्या भानगडीत पडले नाही. आपल्या दमट घरांत अर्धवट वाळलेलं मांस म्हणजे पोट बिघडायला आमंत्रण, आणि घरात गर्भारशी. कचरी-दही लावून चार तास फ्रीजमध्ये ठेवलं. मग खोबरं-तिळाच्या मसाल्यात पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवलं, अजिबात कच्चं नको. शेवटी भगोन्यात मधोमध कांद्याची वाटी ठेवली, त्यात निखारा, त्यावर दोन लवंगा आणि चमचाभर तूप, आणि झाकण घट्ट. धुंगार पाच मिनिटं, त्याहून जास्त दिला तर कडू होतं. सुनेचा वाटा मी धुंगाराच्या आधीच काढून ठेवला होता. तिला धुराचा वास तसाही सोसवत नव्हता.

आत्या जेवायला बसल्या. पहिला घास बराच वेळ चघळला. मी समोर उभी, परीक्षेच्या निकालाला उभी असते तशी.

"बोकड आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"करधई कुठे मिळाली?"

"नाही मिळाली आत्या. साधा दगडी कोळसा सोडून लाकडाचा आणला, बाभळीचा."

"तरीच." आणि दुसरी रोटी मागितली.

परवाच्या तपासणीत सुनेचं हिमोग्लोबिन 9.8 आलं. गोळ्यांचं श्रेय आहे हे मला माहीत आहे. आत्या ते श्रेय माझ्या मटणाला देतात आणि मी वाद घालत नाही.

देवास, धार, बडोद्याकडच्या मंडळींनी एवढं जरूर लिहावं. तुमच्या घरी धुंगाराला लवंग घालत का दालचिनी? आमच्याकडे मोठी काकू दालचिनी म्हणते, आणि आजीच्या हातची लिहिलेली वही कुणाकडेच उरलेली नाही.