अपुरे राहिलेले

दीर्घ दुखण्याने माणूस जाते, तेव्हा निरोपास अवधी मिळतो. औषधपाणी होते, चार शब्द बोलून होतात, हातून थोडीबहुत सेवा घडते. अकस्मात् आलेला मृत्यू यांपैकी काहीच पदरी पडू देत नाही. समाचारास येणारी मंडळी मात्र रिवाजाप्रमाणे विचारतात, “शेवटी काय म्हणाल्या?”

गतवर्षी भाद्रपद वद्यात आमची धाकटी बहीण पहाटे झोपेतच हृदयक्रिया बंद पडून निवर्तली. हा प्रश्न तिच्या सुनेला कितीदा ऐकावा लागला, याची गणती नाही. दुसऱ्या दिवशी पक्षाची खीर व्हायची होती. म्हणून “दूध अर्धा शेर जास्त घे” एवढेच निजताना ती म्हणाली होती. हे सांगताना सून ओशाळत असे. ओशाळण्याजोगे त्यात काय आहे? उद्याची तजवीज करीत जन्म काढलेल्या गृहिणीचे अंतिम वचन याहून निराळे कसे असावे?

अवचित मृत्यूची खूण अपुऱ्या राहिलेल्या कामांत असते. कालिदासाने हे मर्म पुरते ओळखले होते. रघुवंशाच्या आठव्या सर्गात आकाशातून पडलेली दिव्य माला उरावर लागून इंदुमती क्षणात गतप्राण होते. तेव्हा शोकाकुल अज राजाला काय आठवते? दोघांनी मिळून गुंफावयास घेतलेली, अर्धीच राहिलेली बकुळीची मेखला; आणि आम्रवृक्ष व प्रियंगुलता यांचे तिने योजिलेले, न झालेले लग्न! थोर कवीला विलापासाठी तत्त्वज्ञान पुरले नाही. असल्या बारीकसारीक गोष्टीच हाती घ्याव्या लागल्या.

आमच्या बहिणीने चातुर्मासात लक्ष वातींचा नेम धरला होता. रोजचा हिशेब ती एका वहीत मांडी. तो बासष्ट हजारांवर थांबला. कापसाची परडी दृष्टीस पडली की भाच्याच्या डोळ्यांत पाणी येई. ‘हे सारे कोणास तरी देऊन टाकू’ असे तो म्हणू लागला. त्याचे दुःख आम्हांस कळत होते. तथापि परडी हलवू नये, असे आम्ही त्यास सांगितले. एकाचा नेम दुसऱ्याने पुरा करावा की नाही, हा शास्त्रार्थ आम्ही मध्ये आणिला नाही. सूतक फिटल्यावर सून व नात वाती वळावयास बसल्या. ‘आजी शेवटाला बोट असे फिरवी’, ‘नव्हे, तसे’, असा त्यांचा वाद चाले. त्या वादात ती जितकी घरात वावरली, तितकी भिंतीवरील तसबिरीत वावरली नाही. भाचाही पुढे पुढे जवळ येऊन बसू लागला.

श्राद्धात आपण नाम, गोत्र व रूप उच्चारतो; वसु, रुद्र, आदित्य अशा तीन पिढ्या चालतात आणि नंतर ते नावही मागे पडते. विधी आपल्या ठिकाणी योग्यच आहे. परंतु माणसाची रीत, त्याची बोलण्याची लकब संकल्पात येत नाही. आज मोबाइलमध्ये छायाचित्रे शेकड्यांनी असतात. त्यांतही ती क्वचितच सापडते. ती कोणीतरी लिहूनच ठेवावी लागते.

न्यायमूर्ती रानडे 1901 साली गेले. रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्तींची विद्वत्ता त्यांच्या ग्रंथांतून कळतेच. पण अक्षरओळख नसलेल्या पत्नीला मुळाक्षरांपासून शिकविणारा आणि त्यापायी घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष निमूटपणे सोसणारा पती आपणांस रमाबाईंमुळेच भेटतो.

प्रत्येक घरी रमाबाई नसतात, हे खरे. परंतु चाळीस पानी वही कोणासही मिळते. वर्षश्राद्धापूर्वी घरातील प्रत्येकाने, लहान मुलांनीसुद्धा, गेलेल्या माणसाविषयी एकेक पान लिहावे. गुणवर्णन नको, ते काय खाई, कशावर रागावे, कोणते काम अर्धे टाकून गेले, एवढेच असावे. दुःख याने हलके होईल असे आश्वासन आम्ही देत नाही. मात्र पुढे जन्मणाऱ्या पोरास आपली पणजी केवळ नाम-गोत्राने नव्हे, तर माणूस म्हणून ओळखता येईल.